हसरी बाई चुकवू नका

खोलीतला फोन वाजला आणि हे पलंगावरून ताडकन उठून म्हणाले, "बोला, रिसेप्शन!"

पलीकडचा माणूस गोंधळला असणार, कारण रिसेप्शन तर तोच होता. खोली आवडली ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. ह्यांनी "हो, हो" करून फोन ठेवला आणि मी उशीत तोंड खुपसून पोट दुखेपर्यंत हसले.

"हसायला काय झालं? सवय असते माणसाला."

"असते की. पण आज आपण गिऱ्हाईक आहोत. जरा गिऱ्हाइकासारखं वागा."

ते काही ह्यांना जमत नव्हतं. आल्या आल्या बॅग उचलणाऱ्या माणसाशी ह्यांची ओढाताण झाली. मग चादरीचा कोपरा नीट खोचलेला नाही म्हणून पलंग सगळा उसकटून पुन्हा घातला. नळ उघडून पाहिला, दिवे लावून-विझवून पाहिले, टॉवेल नाकाला लावून पाहिला. खाली काउंटरवरच्या मुलीला किल्ल्या कशा टांगाव्यात ते समजावून सांगायला गेले, तर तिथे किल्ल्याच नव्हत्या, कार्डं होती. ती मुलगी गोड बोलली म्हणून बरं.

बसस्थानकाजवळच्या लॉजवर ह्यांनी सगळी नोकरी रात्रपाळीत काढली. दिवेलागणीला डबा घेऊन निघायचे, सकाळी दूधवाल्याच्या मागोमाग घरी. गेल्या महिन्यात निवृत्त झाले, तेव्हा लेक आणि जावई म्हणाले, आईबाबांनी एक रात्र तरी दुसऱ्याच्या हॉटेलात राहायचं. शहराच्या ऐन मध्यावर, आठव्या मजल्यावर खोली घेऊन दिली. आपल्याच शहरात भाडं भरून झोपायचं, हे ह्यांना आधी अजिबात पटलं नाही. मग एक दिवस जेवता जेवता एकदम म्हणाले, "जाऊ या. मी तुला रात्रीचं शहर दाखवतो. माझ्यामुळं तुझी सगळी हौस राहून गेली."

मी मान खाली घालून भात कालवत राहिले.

कारण हौस राहिली नव्हती. चांगली भागली होती.

लेक शिकायला परगावी गेली आणि घर एकदम मोठं झालं, तेव्हाची गोष्ट. हे जाताना रोज दारात थांबून म्हणायचे, "कडी लावून घे गं. लवकर झोप." मी कडी लावायची. ह्यांची पावलं जिन्यावरून उतरून गेली की थोड्या वेळानं वरच्या मजल्यावरची शिवणवाली दारावर टकटक करायची आणि मी कडी काढायची. ती विधवा, तिचा मुलगा दूर नोकरीला. दिवसभर मशीन चालवून तिचे पाय वळायचे. "चल, पाय मोकळे करून येऊ," म्हणायची. मोकळे करता करता आम्ही सगळं शहर पालथं घातलं. कारंज्यापाशी आइस्क्रीम खाल्लं. चौकात छपराखाली फुकट गाणी ऐकली. बिनस्वाराच्या त्या पितळी घोड्याखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांना नावं ठेवली. शिवणवाली त्यात तरबेज होती, चालत्या माणसाच्या बाहीचा दोष सांगायची.

हे ह्यांना सांगायला हरकत काहीच नव्हती. दुसऱ्याच सकाळी सांगणार होते. पण हे चहाचा कप हातात घेऊन बसले, डोळे जागरणानं लाल झालेले, आणि म्हणाले, "रात्र तुला खायला उठत असेल ना? मला तिथं बसून तेच डोक्यात असतं." आता त्या चेहऱ्याला मी काय सांगणार, की मी पिस्त्याचं आइस्क्रीम खात होते? उद्या सांगू म्हटलं. तो उद्या आलाच नाही.

तेही एक वेळ खपून गेलं असतं. पण चौकाजवळच्या गिरणीच्या भिंतीवर एक चित्रकार मुलगी चित्र काढायला आली. रोज संध्याकाळी चौकात जे बसतात त्यांचंच चित्र काढायचं, असं तिनं ठरवलेलं. आमच्यासमोर वही घेऊन बसली. "मावशी, तुम्ही आपल्या गप्पा मारा," म्हणाली. मला वाटलं, कुठंतरी कोपऱ्यात हातभर काढील. भिंत पुरी झाली तेव्हा मी दोन मजली झाले होते. बाकावर बसलेय, हिरवा स्वेटर घातलाय, शिवणवालीच्या खांद्यावर हात टाकलाय आणि मान मागं टाकून हसतेय. आजूबाजूला फुगेवाला, बाजावाला, कुत्री, पोरं, सगळे आहेत. पण नजर जाते ती माझ्यावर. मी त्या रात्री तोंडावर स्कार्फ ओढून घरी आले.

आणि पुढचा कहर असा, की लॉजवरची गिऱ्हाइकं ती भिंत पाहून ह्यांना सांगायला लागली. मग हे नव्या गिऱ्हाइकांना पाठवायला लागले. "बाकी काही बघू नका एक वेळ, पण ती हसरी बाई चुकवू नका. रात्री बघा, दिव्यात." सकाळी मला येऊन सांगायचे, "अगं, काल एकजण म्हणाला, तिला बघून प्रवासाचा शीण गेला." मी आपली चहा गाळत असायची. एकदा म्हणाले, "कोण असेल गं ती? सुखी दिसते म्हणतात." मी म्हटलं, "असेल कोणी रिकामटेकडी."

स्वतः मात्र हे कधी गेले नाहीत. रात्री कामावर, दिवसा झोप, आणि सुट्टीच्या दिवशी म्हणायचे, आज घरीच बसू, तू कायम एकटी असतेस.

तर आज हे मला ती बाई दाखवणार होते.

"चल," ह्यांनी केसांना पाणी लावून भांग पाडला. "आधी कारंजं, मग घोडा, मग ती भिंत आणि शेवटी गाणी. सगळं पाठ आहे मला."

हॉटेलच्या दारातून आम्ही बाहेर पडलो. हे ऐटीत डावीकडे वळले. पेट्रोल पंप लागायला हवा होता, तिथं दवाखाना लागला. मग उजवीकडे वळले, तर एका बँकेच्या मागच्या बाजूला कचऱ्याच्या डब्यांपाशी निघालो.

"इथं कारंजं होतं," हे म्हणाले.

"हललं असेल," मी म्हटलं.

माझ्या तेव्हाच लक्षात आलं काय झालंय ते. ह्यांना शहर पाठ होतं खरं, पण लॉजच्या दारापासून. तिथून बाहेर पडा, डावीकडे पंप, उजवीकडे कारंजं, असं हजारो लोकांना सांगून सांगून ते घोटलं गेलं होतं. आज आम्ही चौकाच्या दुसऱ्या अंगाला उतरलो होतो आणि ह्यांची प्रत्येक डावी उजवी झाली होती.

"असं कर, आपण आधी लॉजवर जाऊ," ह्यांनी तोडगा काढला. "तिथून मला सगळं येतं."

"अहो, लॉज शहराच्या त्या टोकाला. तिथं जाऊन परत इथंच यायचं?"

"मग काय करायचं?"

खरं सांगायचं तर मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. असेच भटकत राहिलो, तर भिंत काही सापडत नाही आणि माझी लबाडी झाकलेली राहते. फक्त कारंजं तरी ह्यांच्या पदरात टाकावं म्हणून मी लंगडायचं सोंग केलं. "चप्पल चावतेय हो. इकडून उतार आहे, इकडूनच जाऊ," म्हणत म्हणत दोन गल्ल्या ओलांडल्या आणि समोर कारंजं.

"बघ! म्हटलं नव्हतं?" हे लहान मुलासारखे खूश झाले. "रंग बदलतं ते. निळं झालं की नीट बघ."

मी निळं झाल्यावर "अगं बाई!" म्हटलं. चांगलं जमलं. पण शेजारच्या कॉफीच्या गाडीवाल्यानं मला पाहिलं आणि तोंड भरून हसला. "कमी साखरेची ना?"

मी डोळे वटारले. तो बिचारा गडबडून ग्लास पुसायला लागला.

"ह्याला कसं कळलं गं?" ह्यांनी विचारलं.

"चेहऱ्यावरून कळतं त्यांना. तुम्हाला नाही का, गिऱ्हाईक बघितलं की कळायचं?"

ते ह्यांना पटलं. कॉफी पिऊन आम्ही पुन्हा निघालो. घोडा काही सापडला नाही. एका चौकात तीन रस्ते फुटत होते. ह्यांनी तिन्ही रस्त्यांवर जाऊन पाहिलं आणि तीनदा परत आले. दिव्यांच्या माळांखालून तरुण मंडळी गटागटानं हसत चालली होती, कुठूनतरी ढोलकं ऐकू येत होतं, आणि हे मध्येच उभे राहून हवेत हात फिरवत पुटपुटत होते, "पंप, मग डावीकडे... पंप..." दोन पोरी थांबल्या. "काका, रस्ता चुकलात का?"

ह्यांचा हात खाली आला.

आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. ह्यांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "एवढ्या लोकांना सांगितलं मी. सगळे जाऊन आले. एकजण कधी चुकला नाही. आणि तुला म्हणून एक गोष्ट धड दाखवता येईना."

"कारंजं दाखवलंत की."

"ते तुझ्या चपलेनं सापडलं." बुटाच्या टोकाकडे बघत हे म्हणाले, "ती भिंत तरी तुला दाखवायची होती गं. कधीपासून मनात होतं. म्हटलं, एवढ्या लोकांना बरं वाटतं तिला बघून, तर हिलापण वाटेल."

मला गप्प बसायचं होतं. अजून थोडा वेळ गप्प बसले असते, तर हे उठून म्हणाले असते, चल, जेवून झोपू. पण ह्यांचा तो पाडलेला भांग आता विस्कटला होता, आणि मला सहन होईना. आपलं गुपित सांभाळायला नवऱ्याला असं हरलेलं घरी न्यायचं, हे मला जमणारं नव्हतं.

"उठा," मी म्हटलं.

"कुठं?"

"चला तर."

मी ह्यांचा हात धरला आणि मधल्या रस्त्यानं निघाले. लंगडायचं विसरले. पुस्तकांच्या दुकानातून आरपार, कारण दोन्ही बाजूंना दारं आहेत. न्हाव्याच्या दुकानामागचा बोळ, तिथं पाणी साचतं म्हणून भिंतीला धरून. घोडा लागला. "हा घोडा," मी म्हटलं आणि थांबले नाही. हे माझ्याकडे बघत होते, रस्त्याकडे नाही. 

गिरणीच्या कोपऱ्यावर वळलो आणि दिव्यांच्या उजेडात ती समोर आली.

हे उभे राहिले. खालून वर पाहिलं, वरून खाली पाहिलं. मी चपलांकडे बघत होते. शेजारी छपराखाली कोणीतरी बाजा जुळवत होतं.

"स्वेटर आपल्या ट्रंकेत आहे," हे शेवटी म्हणाले.

"हो."

"आणि ही वरची शिवणवाली."

"हो." ती मुलाकडे राहायला गेली त्याला बरीच वर्षं झाली. चित्रात तिच्या गळ्यात मोजपट्टी आहे.

"रोज यायचात?"

"पाऊस नसेल तेव्हा." मग एकदमच बोलून टाकलं, "तुम्ही तिथं बसून माझी काळजी करत होतात, म्हणून सांगवलं नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

हे माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता चिडतील किंवा डोळे भरून येतील. मी दोन्हीची तयारी केली.

"म्हणजे मी उगाच झुरलो," हे म्हणाले, आणि ह्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. "इतकी वर्षं! फुकट!" आणि हसायलाच लागले. हसता हसता खोकला आला, मी पाठ चोळली.

मग पुन्हा वर बघून म्हणाले, "एवढी कशाला हसत होतीस?"

तुमच्याच एका गोष्टीवर, असं म्हणणं सोपं होतं. ह्यांना बरंही वाटलं असतं. पण आज खोटं पुरे झालं होतं.

"आठवत नाही हो," मी म्हटलं.

ह्यांनी मान हलवली. चित्रातल्या बाईचे केस काळेभोर होते आणि गाल वर आले होते. अशी हसणारी मी ह्यांनी पाहिली नव्हती. तशी मी रात्रीचीच असायची, आणि रात्री हे लोकांना किल्ल्या देत असायचे. ते दोघांनाही कळलं आणि दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

भिंतीच्या खालच्या भागावर रस्त्याची धूळ बसली होती. ह्यांनी खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला, पुढे गेले आणि पुसायला लागले. हात पुरत होता तेवढंच, माझ्या चपला आणि साडीखालचा थोडा घोटा. टाचा उंचावून पुसत होते. मागे लोक थांबले, एकानं फोन वर धरला.

"अहो, काय करताय? लोक बघताहेत."

"बघू देत," हे मागे न वळता म्हणाले. "बघायलाच तर पाठवत होतो." आणि रुमालाची घडी उलटी करून दुसऱ्या पायाला लागले.