दुपारची उभी खाट

मी एक जुनी खाट आहे, आणि भर दुपारी भिंतीला पाठ लावून ताठ उभी आहे. बसायला जागा शोधत असाल तर पुढच्या घराच्या ओट्यावर जा. मी आडवी होणार नाही!

मित्रांनो, मी पहिल्यापासून अशी हट्टी नव्हते. माझे पाय बाभळीचे. धानोऱ्याच्या सुताराने ते तासले आणि भाईदास आप्पांनी स्वतः सुंभ ओढून मला विणलं. विणताना त्यांचे तळवे सोलून निघाले होते. मग मला ओट्यावर टाकलं आणि गल्लीला जणू गोड पाण्याची विहीर सापडली. जो येईल तो टेकायचा. "काय खाट शे भो, उठूच नही वाटत," असं कुणी म्हटलं की माझा सुंभ फुगायचा. पाऊसपाणी, मिरचीचा भाव, कुणाच्या पोराचं लग्न अडलं, सगळं माझ्यावर बसून चघळलं जायचं. चघळून झालं की आतल्या दाराकडे हाक जायची, "च्या ठेवा हो!"

तो चहा आधी आप्पांच्या पत्नी धनुबाई करायच्या. सून आल्यावर स्वप्नाली करू लागली. माझ्यावर मात्र दोघींपैकी एकही कधी बसली नाही. सासऱ्यांसमोर, पाहुण्यांसमोर बाईने खाटेवर बसायचं नसतं ना!

स्वप्नालीची आर्वी तीन वर्षांची झाली तरी बोलेना. तिला ऐकू कमी येतं, हे तेव्हा कळलं. नंदुरबारला तिच्या कानांना मशीन बसवली. तिथल्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "रोज शांत जागी हिच्यासमोर बसून बोला. बोलणं शिकायचं वय हेच आहे. ते निघून गेलं की फार जड जाईल."

सकाळी शेत, संध्याकाळी चूल. उरली दुपार. स्वप्नाली पोरीला समोर घेऊन बसायची. "आर्वी, हाई काय शे? वाटी. वा-टी." पोर आईच्या ओठांकडे डोळे लावायची, ओठांचा चंबू करायची, आणि नेमकं माझ्यावर कुणीतरी खो खो हसायचं. मशीनमधून तो सगळा गलका पोरीच्या कानात शिरायचा. ती दचकून कान झाकायची. लगेच चहाची हाक. स्वप्नाली उठायची आणि वाटी तशीच जमिनीवर राहायची.

एके दुपारी जेवणं आटोपताच ती बाहेर आली, तिने मला उचललं आणि भिंतीला उभं केलं.

"दारवर खाट उभी?" धनुबाई ओरडल्या. "मानूस मरेल शे का घरमा?"

कारण आमच्या गल्लीत घरातलं कुणी गेलं की खाट उभी करतात. आलेली माणसं खाली बसतात.

"नही माय. पन मन्ही पोरनी दुपार मरी ऱ्हायनी."

आप्पा शेतात होते. दोधू नाना नेहमीप्रमाणे बसायला आले. खाट उभी, घर चिडीचूप, आप्पा दिसत नाहीत. नानांनी टोपी काढली. बघता बघता चार माणसं जमली आणि खाली मान घालून ओट्यावर बसली. शेजारच्या कौसाबाईंनी तर येतानाच गळा काढला.

तेवढ्यात आप्पा मिरचीची टोपली घेऊन दारात! "कोन मरनं रे?"

"तूच!" नानांच्या तोंडून निघून गेलं.

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कौसाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि आप्पांनाच झापलं, "मरेल नही व्हतास ते सांगानं नही का?" मग नाना म्हणाले, "चाल भाईदास, टाक खाट. सूनबाई, च्या ठेवा!"

आप्पांनी ओशाळून माझ्या पायाला हात घातला. स्वप्नालीने दुसरा पाय घट्ट धरला. डोक्यावरचा पदर तसाच, पण आवाज कापला नाही.

"आप्पा, नका टाकू. नाना, मन्ही पोरले बोलनं शिकवाना दिन ह्याच शेतस. ह्या दिन परत येतीन का? तुमनी बैठक सांजलेबी भरी. सांजले या, मी सोता च्या करसू. आते माले टाईम नही."

नाना आप्पांकडे बघत राहिले. आप्पांचा हात अजून माझ्या पायावरच होता. पोराबाळांसमोर, चार माणसांत सुनेने अडवलं होतं. मला वाटलं, आता पडलेच मी आडवी.

तोच दारातून धनुबाई म्हणाल्या, "मन्ह्या समद्या दुपारा च्या कराम्हा गयात. सूननी दुपार नका घेऊ. ऱ्हाऊ द्या उभी."

आप्पांनी हात काढून घेतला. टोपली उचलली आणि नानांना म्हणाले, "चाल दोधू, मिरची निवडाले लाग. रिकामा काय बठस?"

तेव्हापासून दुपारी मी उभी असते. गल्लीत कुणी म्हणतं सून शेफारली, कुणी म्हणतं खाट बाटली. म्हणू दे. पोरगी अजून पुरतं बोलत नाही, पण आईचा आवाज आला की मान वळवते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मला नका जपू. माझा सुंभ सैल झाला तर होऊ दे, मला वाळवी लागली तरी चालेल. पण ज्या वेळेवर तुमच्या माणसाचा हक्क आहे, त्या वेळेत कुणी तुमच्या दाराशी येऊन ऐसपैस बसू लागलं, तर भिडेला बळी पडू नका. सरळ खाट उभी करा.