नऊ पट्ट्या

रविवारी जेवण उरकून मी हत्यारांची पेटी पुसायला घेतली, आणि माझा रविवार तिथेच संपला.

झाकणाच्या आतल्या बाजूला नऊ पिवळ्या चिकटपट्ट्या डकवलेल्या होत्या. आठ धुळीने मळून राखाडी झालेल्या. नववी लख्ख, जणू आत्ता रिळावरून काढली.

यात एवढं घाबरण्यासारखं काय, ते सांगते. मी आणि मामा इमारतींच्या हवेच्या डक्टमध्ये धुराचे डिटेक्टर बसवतो. मामा माझा सख्खा मामा आणि मुकादमही, त्यामुळे मी ओरडाही दुप्पट खाते. डक्ट म्हणजे छतातून जाणारा पत्र्याचा चौकोनी बोगदा. डिटेक्टरचा डबा त्याच्या बाहेर बसतो आणि डब्याची भोकाभोकांची नळी आत आडवी जाते. नळीतून हवा डब्यात येते. हवेत धूर असला की डबा पंखा बंद पाडतो, म्हणजे तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरातला धूर वरच्या खोल्यांत पोचत नाही. रंगकाम आणि घासकाम चालू असताना नळीत धूळ जाऊ नये म्हणून आम्ही भोकांवर पिवळी पट्टी लावतो. शेवटच्या दिवशी पट्टी काढायची आणि पेटीच्या झाकणाला चिकटवायची. ही मामाची पद्धत. "वहीत टिक कुणीही मारतं. पट्टी दाखव," असं तो म्हणतो.

नऊ डिटेक्टर, नऊ पट्ट्या. शनिवारी आम्ही दोघांनी मोजल्या आणि खुशाल घरी आलो.

पण तीन आठवडे डक्टमध्ये राहिलेली पट्टी लख्ख कशी राहील? मग आठवलं. आमच्याकडे एक जादा नळी होती, पट्टी लावलेली पण डक्टमध्ये कधी न गेलेली. शुक्रवारी दुकानदाराला नमुना म्हणून ती द्यायची होती, तेव्हा मामाने तिची पट्टी काढली आणि सवयीने झाकणाला चिकटवली. माझ्या डोळ्यांदेखत! म्हणजे डक्टमधल्या आठच निघाल्या होत्या. एका नळीची भोकं अजून बंद होती. तपासनीस येऊन गेला होता, पण त्याने डब्यांना फक्त चुंबक लावून पाहिला होता. चुंबक लावला की लाल दिवा लागतो. नळीतून हवा येते की नाही, ते चुंबकाला काय कळणार?

आणि उद्या सकाळी दहा वाजता त्या इमारतीत चाळीस म्हातारी माणसं राहायला येणार होती. त्यांतली निम्मी आधाराशिवाय जिना उतरू शकत नव्हती.

मी उठले, बसले, पुन्हा उठले. पाणी भरून घेतलं आणि प्यायचं विसरले. आईने विचारलं, "मुंग्या लागल्यात का गं तुला?" मी विजेरी पिशवीत टाकली. आईला सांगितलं असतं तर ते पाच मिनिटांत तिच्या भावाला कळलं असतं, आणि मला तेच नको होतं.

कारण चूक कुणाची ते मला माहीत होतं. निदान तशी माझी खात्री होती. मामाला वर्षभर नीट दिसत नव्हतं. मोतीबिंदू असावा. तो कबूल करत नव्हता आणि मीही विचारत नव्हते. मी त्याच्या लक्षात येणार नाही असं त्याचं काम सावरून घ्यायची. लहान अक्षरांचा कागद आला की "आण, मी वाचते, तू चहा पी" म्हणायची. हे काम त्याचं शेवटचं होतं. चाळीस वर्षांत एकाही इमारतीने त्याला चूक दुरुस्त करायला परत बोलावलं नव्हतं, आणि हे तो दर तिसऱ्या दिवशी ऐकवायचा. शेवटच्या कामावर डाग लागला असता तर म्हातारा खचला असता. नऊपैकी पाच नळ्या त्याने उघडल्या होत्या, अरुंद छतातल्या चार मी. मी बारीक आणि चपळ, म्हणून तो मला खार म्हणतो. त्याच्या पाचांपैकी एकीवर पट्टी राहिली असणार. गुपचूप जायचं, काढायची, गप्प बसायचं. झालं.

बस येईना म्हणून चालत निघाले. दोन थांबे चालले आणि मागून बस भुर्रकन निघून गेली. स्वतःचाच राग आला.

इमारतीत ताज्या रंगाचा वास कोंडला होता. प्रत्येक पलंगावर घडी घातलेली चादर आणि उशाशी पाण्याचा नवा तांब्या.

"रविवारी कसलं काम?" रखवालदाराने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"काका, पान्हा विसरलाय."

"काल एवढं सामान नेलंत, आणि पान्हाच विसरलात?"

"माणूस आहे, विसरतं. धुराच्या घंटेच्या पॅनेलची किल्ली द्या. घंटा वाजली तर घाबरू नका."

"मी कशाला घाबरू? घाबरलेल्या तर तुम्ही दिसताय."

त्याचं काही खोटं नव्हतं. पॅनेल चाचणीवर टाकलं, पंखे थांबवले आणि मामाच्या पाच नळ्यांना भिडले. डक्टची झडप उघडायची, हात घालायचा, विजेरी मारायची. पहिली उघडी. दुसरी उघडी. तिसऱ्या वेळी शिडी सरकली आणि कोपर सोलवटलं, तीही उघडी. चौथी उघडी. आता पाचवीच असणार, म्हणून झडपेचे स्क्रू इतक्या घाईने काढले की एक घरंगळत पलंगाखाली गेला.

पाचवीही उघडी होती. भोकं स्वच्छ, एकही बुजलेलं नाही.

मी शिडीवरच थांबले. उरलेल्या चार माझ्या होत्या.

सात नंबरच्या नळीवर पट्टी होती. धुळीने राखाडी झालेली, दोन्ही टोकं नीट दाबून बसवलेली, माझ्याच हाताने. मला ती जागा आठवलीसुद्धा. पोट पत्र्याला घासत होतं, नाकात धूळ जात होती, आणि मी विजेरी मारून नुसतं बघितलं होतं. धुळीत पिवळं काही दिसलं नाही, भोकं दिसल्यासारखी वाटली, पट्टी आधीच काढली असं धरलं, आणि मी खाली ओरडले होते, "सात झाली!" वहीत "पाहिलं" या रकान्यात मामाने सही केली ती माझ्या त्या ओरडण्यावर.

पट्टी ओढून काढली. खरं तर आता काहीच उरलं नव्हतं. नळी उघडी होती, वही भरलेली होती, कुणाला काही कळणार नव्हतं. पण मामाच्या सहीखाली माझी चूक दडपून ठेवायची, हे मला जमेना. त्याला फोन केला. रडू येत होतं म्हणून आवाज उगाच चढवला.

"मामा, सातवर पट्टी राहिली होती. माझी. ये."

तो तासाभरात आला, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मी सगळं सांगितलं. लख्ख पट्टीचं, पान्ह्याचं, आधी त्याच्या पाच उघडल्या तेही. तो पायरीवर बसला आणि आपले गुडघे चोळायला लागला.

"आधी माझ्या का उघडल्यास?"

मी सोलवटलेलं कोपर पुसत राहिले.

"माझी निघाली असती तर फोन केला असतास?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण त्याने ऐकून घेतलंच नाही.

"पट्टी काढून घरी गेली असतीस," तो म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "आणि मी आपला मिरवत बसलो असतो, चाळीस वर्षांत एक चूक नाही. कितीदा केलंस असं?"

"चूक कधीच नव्हती रे. नुसता कागद वाचून द्यायचे."

"मला वाटायचं, तुला कळत नाही." तो हसला, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "आण ती नळी."

मी सात नंबरची नळी काढून आणली. त्याने ती डोळ्यांजवळ नेलीच नाही. नळी मांडीवर ठेवून तो अंगठा टोकापासून टोकापर्यंत हळूहळू फिरवत गेला आणि भोक लागलं की ओठ हलवत मोजत गेला. त्याच्या पाचही नळ्या उघड्या कशा निघाल्या, ते मला तेव्हा कळलं. मी कानकोंडी झाले.

"डोळे गेले तेव्हापासून असंच मोजतो," तो म्हणाला. "आता तू मोज."

मी मोजली. मग नळी जागेवर बसवली, आणि माझ्या उरलेल्या तिन्ही अंगठ्याने मोजल्या. मामा शिडी धरून खाली उभा होता आणि प्रत्येक आकडा माझ्याकडून मोठ्याने वदवून घेत होता. खाली आल्यावर त्याने वही मागितली.

"सातसमोरची माझी सही खोडतो. उद्या दहाच्या आत हे इथल्या व्यवस्थापकाला दाखवायचं. तू आणि मी, दोघांनी."

"मामा, तुझ्या सहीवर रेघ कशाला? मी लिहिते ना, चूक माझी होती म्हणून."

"ते तू लिहिशीलच. पण मी न बघता 'पाहिलं' म्हणून सही केली, ती माझी चूक." त्याने खिशातून पेन काढलं, टोपण दातात धरलं आणि वहीवर वाकला. पेन कागदावर थोडा वेळ नुसतंच अधांतरी फिरलं.

"सातवी ओळ कुठली गं?"

मी त्याचं बोट धरलं आणि सातव्या ओळीवर ठेवलं.