सरळ रेघ

ऑफिसात तिला सगळे सिग्नलवाली म्हणत. शेजारणीला वाटायचं, ही चौकातले दिवे दुरुस्त करते. रडारवर काम करते म्हणून सांगितलं, तर सासऱ्यांनी विचारलं होतं, "मग विमानं कुठायत?"

विमानं नव्हती. तळहाताएवढं रडार होतं ते. पलंगासमोरच्या भिंतीवर लावलं की झोपलेल्या माणसाची छाती वरखाली होताना लांबूनच टिपायचं. अंगाला वायर नाही, पट्टा नाही. एका हॉस्पिटलने ते मागवलं होतं. आतली चिप स्वतःच हिशोब करून मिनिटाला श्वास किती, तो आकडा द्यायची, आणि साहेब त्यावर खूश होते. सिग्नलवालीचं मात्र समाधान होत नव्हतं. गाळून कपात आलेल्या चहावरून पातेल्यात काय होतं ते कळत नाही, असं तिचं म्हणणं. तिला कच्चा डेटा हवा होता, सेन्सरमधून निघेल तसा, त्याच क्षणी, थेट कॉम्प्युटरवर.

साहेबांनी परवानगी दिली, पण डेटा काही सलग हाती लागेना. सेन्सर केबलमधून डेटाचे छोटे तुकडे, म्हणजे पाकिटं, एकामागून एक फेकायचा, प्रत्येकावर क्रमांक टाकून. तिचा प्रोग्राम ती झेलायचा आणि तोच पडद्यावर आलेखही काढायचा. आलेखात हात गुंतले की मधली पाकिटं गळून जायची. गेलेलं पाकीट सेन्सर परत पाठवत नाही. गेलं ते गेलं.

ऑफिसात धड झोपणारं कुणी मिळेना, म्हणून तिने यंत्र घरी आणलं. सासरे जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, आता गल्लीतल्या मुलांना शाळेच्या व्हॅनमधून सोडायचे. दुपारी जेवले की आडवे. बोलता बोलताही त्यांचा डोळा लागायचा, आणि घरात त्यावर थट्टा चालायची. अंगाला काही चिकटवणार नसशील तर लाव, म्हणाले आणि घोरायलाही लागले.

पडद्यावर लाटा उमटू लागल्या. मग अचानक सरळ रेघ. मग एक मोठी उसळी, आणि पुन्हा लाटा. तिने कपाळावर हात मारला. क्रमांक तपासले तर खरंच काही पाकिटं गायब होती.

त्या आठवड्यात तिने प्रोग्राम मोडून दोन केले. ट्रकमधून विटा उतरवताना एक जण झेलतो आणि दुसरा रचतो, तसं. एकाने फक्त पाकिटं घ्यायची आणि बाजूला टाकायची, दुसऱ्याने सवडीने आलेख काढायचा. आधी स्वतःवर करून पाहिलं, मग सासूबाईंना झोपवून. लाटा कशा, आखून काढल्यासारख्या. एकही पाकीट गळलं नाही.

मग पुन्हा सासरे. आणि पुन्हा सरळ रेघ.

तिने चरफडत क्रमांक काढले. सगळे ओळीने हजर. पुन्हा तपासले. हजरच. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की खोलीत घोरण्याचा आवाजही थांबलाय. तिने पडद्यावरून नजर उचलून पलंगाकडे पाहिलं. सासऱ्यांची छाती हलत नव्हती. ती उठून धावणार, तोच ते घुसमटल्यासारखे धडपडले, मोठा श्वास घेतला आणि पुन्हा घोरू लागले.

सासूबाई दारात कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "ते तसेच झोपतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "फार वेळ थांबले तर मी कोपराने ढोसते."

"आई, कधीपासून? आणि कुणाला बोलला नाहीत?"

"त्यात काय बोलायचं? मला वाटलं, सगळे पुरुष असेच झोपतात."

सासरे उठल्यावर तिने सगळं सांगितलं. झोप अशी शंभरदा मोडते, म्हणून दिवसा डोळे मिटतात. डॉक्टरांना दाखवू, आणि तोवर व्हॅन नको. व्हॅनचं नाव निघताच त्यांचा चेहरा बदलला. आजवर एकदाही गाडी कुठे घासली नाही, हे त्यांनी ऐकवलं. मग म्हणाले, "तूच सांगत होतीस ना, तुझ्या यंत्राला गळती आहे म्हणून? ते आधी बघ."

ती वाद घालत बसली नाही. त्यांना खुर्चीत सेन्सरसमोर बसवलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. श्वास रोखा म्हणाली. त्यांनी रोखला, रेघ सरळ झाली. सोडला, लाट उठली. त्यांना गंमत वाटली. हळूच थोडासा श्वास घेऊन यंत्राला फसवता येतं का, तेही त्यांनी पाहिलं. बारीकशी लाट उठलीच. मग तिने दुपारचा आलेख शेजारी लावला.

ते बराच वेळ बघत राहिले. रेघेवरून बोट फिरवत म्हणाले, "एवढा वेळ मी नव्हतोच म्हणायचं."

त्यांनी खिशातून व्हॅनची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "पोरं मागे बसलेली असतात," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी घरचा आलेख बाजूला ठेवून आपल्या पद्धतीने तपासणी केली. निदान तेच निघालं. झोपताना नाकावर लावायचा, हवेच्या दाबाने श्वास चालू ठेवणारा मास्क मिळाला. तो लावून आरशात पाहिल्यावर सासरे दोन दिवस सुनेशी सासूबाईंमार्फतच बोलत होते.

ऑफिसात तिने साहेबांना सासऱ्यांचा आलेख आणि त्याच वेळचा चिपचा आकडा शेजारी ठेवून दाखवले. रेघ सरळ होती, तेव्हाही चिपचा आकडा ठणठणीत होता, कारण चिप सरासरी काढून मधले खड्डे बुजवत होती. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. यंत्रं पुढच्याच आठवड्यात पाठवायची होती. बरंच पुटपुटून झाल्यावर त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला आणि उशीर होईल, चूक आमची आहे, असं सांगितलं.

व्हॅन काही दिवस दुसऱ्याने चालवली. महिन्याभराने डॉक्टरांनी परवानगी दिली. सासऱ्यांना मात्र आता दुपारी झोपच येईना. जेवण झालं की ते घरभर फिरायचे, नळ आवळायचे, खिडक्यांना तेल घालायचे, आणि डब्यांची झाकणं उघडून आत काय आहे ते विचारायचे. सासूबाई वैतागून सुनेला म्हणाल्या, "यांना परत झोपवायचं काही यंत्र असेल तर बघ गं."