चौकातल्या उंच इमारतीला भावाची हरकत

चौकातल्या मोकळ्या जागेवर उंच इमारत येणार होती. तिचं लाकडी मॉडेल सभागृहाबाहेर काचेच्या पेटीत मांडलं आणि शहराच्या तोंडाला कामच मिळालं. कुणी तिला थर्मास म्हणालं, कुणी उभी ठेवलेली मोजपट्टी. एका आजोबांनी काचेला नाक टेकवून बराच वेळ निरखलं आणि यात माणसं राहणार की कबुतरं, असं विचारलं. इमारतीची आर्किटेक्ट शेजारीच उभी होती. माणसं, असं तिने हसून सांगितलं. आपण कोण ते मात्र सांगितलं नाही.

घरी आल्यावर ती आईला हे सगळं रंगवून सांगायची आणि दोघी पोट धरून हसायच्या. धाकटा भाऊ तेवढा मान खाली घालून जेवायचा. त्याचं चष्म्याचं दुकान त्या जागेच्या अगदी समोर होतं. तो काही बोलत नाही म्हणजे त्याला इमारत आवडली असणार, असं ती धरून चालली होती. म्हणून जाहीर सुनावणीत तो बोलायला उठला, तेव्हा ती जरा सावरून बसली.

"ही इमारत माझ्या ताईने काढलीय," तो म्हणाला, "आणि तरी माझी हरकत आहे."

सभागृहात खसखस पिकली. उंचीबद्दल आपलं काही म्हणणं नाही, असं तो पुढे म्हणाला. पण खाली रस्त्यालगत सगळी काळी काच होती. आज तिथल्या कट्ट्यावर येणारे-जाणारे घटकाभर टेकतात, त्यांनी उद्या कुठे बसायचं, असं त्याने विचारलं. तिने सुरक्षिततेचं कारण दिलं. उत्तर देताना तिचा चेहरा पडला होता.

घरी आईने पानं वाढली. "घरात तोंडाला कुलूप आणि बाहेर भाषण?" तिने मुलाला विचारलं.

"घरी बोललो असतो तर ताईने भावाची समजूत काढली असती," तो म्हणाला. "मला आर्किटेक्टचं उत्तर हवं होतं."

"निदान आदल्या दिवशी माझ्या कानावर घालायचंस," बहीण म्हणाली.

"ते चुकलं माझं."

सकाळी ती एकटीच चौकात गेली. ती जागा तिने कितीदा मोजली होती, पण कट्ट्यावर कधी बसली नव्हती. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई सरकली आणि तिला जागा करून दिली. ऊन चढेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. मग ऑफिसात जाऊन तिने आराखड्यात तळमजल्याची काचेची भिंत आत घेतली आणि बाहेर सावलीत बसायला कट्टा काढला. इमारतीच्या मालकाने बरीच कुरकुर केली. शेवटी चौकाकडच्या बाजूपुरता तो तयार झाला.

पुढच्या सुनावणीत नवा आराखडा मंजूर झाला. विरोधात वर गेलेल्या थोड्या हातांत भावाचाही हात होता. ती बाहेर त्याची वाट पाहत थांबली.

"अजून नाहीच का?"

"एकच बाजू मोकळी केलीस."

"दुसरीला मालक ऐकेना."

"मग माझी हरकत मालकावर. तुझ्यावर नाही."

तिला हसू आलं. घराकडे चालताना तिने कट्टा दगडाचा करावा की लाकडाचा, असं त्याला विचारलं. घर येईपर्यंत तो त्याचाच विचार करत चालला होता.