बुरशीची सुई

भैयाजी पक्के माळकरी. ब्रह्मपुरीजवळच्या त्यांच्या गावात घरोघरी टेकोडे, म्हणजे रानातली अळंबी, आवडीने शिजवत. पण ती मांसासारखीच, म्हणून भैयाजींच्या घरात तिचा वासही शिरलेला चालत नसे. एकदा सुनेच्या माहेरून आलेली टेकोड्यांची टोपली त्यांनी सरळ उकिरड्यावर उपडी केली होती.

त्याच सुनेला, अन्नपूर्णेला, बाळंतपणानंतर ताप चढला आणि उतरेना. ह्याच तापाने, ह्याच खोलीत तिची थोरली जाऊ गेली होती. तेव्हा सगळे अंगारा लावून वाट बघत बसले होते. ते आठवून अन्नपूर्णेला तापापेक्षा रागच जास्त चढत होता.

नवऱ्याने, मुखरूने, सरकारी दवाखान्यातल्या लच्छू कंपाउंडरला बोलावून आणलं. लच्छू कामाला हुशार, पण तोंडाला कुलूप नाही. ओसरीवर सुई उकळताना त्याने ऐटीत सांगितलं, की हे पेनिसिलीन बुरशीपासून काढतात. शिळ्या भाकरीवर चढते, तिच्याच गोतातली.

झालं! भैयाजींनी काठी आडवी धरली. बुरशी आणि टेकोडे एकाच कुळातले, ही सुई माझ्या घरात टोचायची नाही. लच्छूने परोपरीने समजावलं, सासूने पदर पसरला. मुखरू खांबाला टेकून बापाच्या काठीकडे बघत राहिला.

तेवढ्यात अन्नपूर्णा भिंतीला धरून बाहेर आली. लग्न झाल्यापासून सासऱ्यापुढे तिने तोंड उघडलं नव्हतं. आज डोक्यावरचा पदरही सावरला नाही. बाळंतिणीचा विटाळ फिटायचा होता, म्हणून सगळे चटकन मागे सरकले. ते पाहिलं आणि तिला वाट सापडली. ती देवघराकडे वळली.

"मामाजी, मी तं बाटलेलीच हाओ. बुरशी मले अजून काय बाटवणार? इथी टोचू देता, का देवापाशी जाऊन बसू?"

देवघरापेक्षा ओसरी बाटलेली बरी, एवढं भैयाजींना कळलं. काठी खाली आली. सुई टोचून झाल्यावर लच्छूने बजावलं, की बरेच दिवस रोज टोचावी लागेल.

भैयाजींनी ओसरी शेणाने सारवून घेतली, गोमूत्र शिंपडलं, आणि कंपाउंडरने पुन्हा अंगणात पाऊल टाकून दाखवावं, असं साऱ्या आळीला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा सारवून घेतलं.

लच्छूच्या सायकलची घंटी वाजली. कोणी हाक मारायच्या आत अन्नपूर्णा बाहेर आली, तान्ह्या लेकीला उराशी धरून. ओल्या ओसरीच्या मधोमध बसली आणि सासऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवत दंड पुढे केला.

"रोज सारवून घ्या, मामाजी," ती म्हणाली. "मी रोज इथीच बसीन."