पाचवी प्लेट

तिने मायक्रोस्कोपखालची काचेची प्लेट काढली, पुसायला काही नसताना पुसली आणि पुन्हा ठेवली. दिसलं तेच. पेशी फुगून एकेक करून फुटत होत्या. फुटलेलीच्या शेजारची, जणू आपली पाळी ओळखून, आधीच गोळा होऊन बसलेली.

कर्करोगाच्या पेशींचं असं व्हावं म्हणूनच तिने सात वर्षं हा विषाणू घडवला होता. जनुकं बदलून त्याला एकच शिकवलं होतं : रोगट पेशीत शिरायचं, निरोगी पेशीला शिवायचं नाही. पण ही प्लेट निरोगी पेशींची होती.

अशा सहा होत्या. प्रयोगशाळेच्या रिवाजाप्रमाणे तिथल्याच सहा जणांनी गालाच्या आतून पेशी काढून दिल्या होत्या. प्लेटवर नुसते आकडे, नावं बंद पाकिटात. पाच प्लेटा शांत होत्या. पाचवी मरत होती. तिसऱ्या खेपेला पेशीही नव्याने घेतल्या; तरी पाचवीच. सोमवारी रुग्णांवरच्या चाचणीचा निर्णय होता. विषाणू निरोगी पेशी मारतो असं ठरलं, तर सात वर्षं पाण्यात.

"मॅडम, चहा." चहा आत न्यायचा नाही, म्हणून जुने मदतनीस काका दारातच उभे होते. "तोंड का पाडलंय?"

"पाचवी पुन्हा गेली, काका."

"म्हणजे तुमचा पठ्ठ्या घरच्यांनाच खातोय की!"

ते हसले. मग स्वतःच्या कपावर बराच वेळ फुंकर घालून, मान कलती करून, उजव्या कडेने घोट घेतला.

"इतका गार करून?"

"तोंड आलंय हो, डाव्या बाजूला. तीन महिने झाले. बायको म्हणते, बडबड कमी करा."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग खण उघडून तिने पाकीट फोडलं, पाचवी ओळ वाचली आणि कागद होता त्याच घड्यांवर मिटला.

"चुकला ना विषाणू?"

"नाही, काका. चुकला नाही."

"मग झालं तर! सोमवारचं काम फत्ते."

तिने आपली खुर्ची उचलली आणि दारापाशी नेऊन ठेवली.

"बसा जरा."

अकरा वर्षांत त्यांना इथे कुणी बसा म्हटलं नव्हतं. काकांनी आधी रुमालाने खुर्ची पुसली, मगच बसले.

"बोला," ते हसत म्हणाले.