कंचनबांची दाढ

कंचनबा दवाखान्यात शिरल्या आणि धर्मिष्ठाला वाटलं, देवानं उशिरा का होईना, पत्ता बरोबर शोधला. अकरा वर्षांपूर्वी फारकत झालेल्या नवऱ्याची ही आई. सिहोर गावातला दातांचा दुसरा डॉक्टर मुलीच्या लग्नात अडकला होता, म्हणून म्हातारी नाक मुठीत धरून तिचा जिना चढली होती.

“दुखत काहीच नाही,” खुर्चीत बसताच त्या म्हणाल्या. “आठ दिवस ठणकली. बजर दाबली, थांबली. हिरडीला एवढीशी पुळी आलीय, तेवढी फोड.”

दाढेत बजर, म्हणजे तंबाखूची पूड, दाबायची आणि कळ थांबली की दाढ बरी झाली म्हणायचं, ही त्या गावच्या बायकांची जुनी खोड. धर्मिष्ठानं बर्फगार कापूस लावून पाहिला. शेजारच्या दाताला लागताच कंचनबा दचकल्या, या दाढेवर ढिम्म. एक्स-रेत मुळाशी काळा डाग दिसत होता.

“बा, बजरनं काही बरं केलेलं नाही. दाढेच्या आत नस असते. सुजली की ठणकते, मेली की गप्प होते. तुमची मेली. आता आत सडतेय आणि पू हाडात उतरतोय. मुळांच्या नळ्या साफ करून भराव्या लागतील. रूट कॅनाल.”

“त्यापेक्षा उपटून टाक. दहा मिनिटांचं काम.”

“या बाजूला चावायला हीच एक उरलीय, आणि मुळं भक्कम आहेत. वाचणारी दाढ मी उपटत नाही.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. दुसऱ्या कुणालाही तिनं हेच सांगितलं असतं. पण ही बाई आता तासभर आपल्यासमोर मुकाट पडून राहणार, याचा तिला आनंद झाला आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

तिनं इंजेक्शन दिलं, दाढेभोवती रबरी पडदा ताणून बसवला. आता कंचनबांना हूं की चूं करता येणार नव्हतं.

“आता ऐका,” बारीक सुई नळीत फिरवत ती म्हणाली. “तुमच्या घरी चार वर्षं सासऱ्यांपुढं घुंघट पाळला. पदर नाकापर्यंत, तोंड बंद. फोन बैठकीत, तिथं सासरे, म्हणून माझा प्रत्येक फोन तुम्ही घ्यायच्यात. नणंदेच्या साखरपुड्याला माझ्या भावाचा फोन आला, वडील गेले म्हणून, माझे बापू. तुम्ही शेवटची पंगत उठेपर्यंत गप्प बसलात. मी माहेरी अमरेलीला पोचले तेव्हा राख गार झाली होती. सून रडली तर शुभकार्यात विघ्न, नाही का?”

ती बोलत राहिली. हात मात्र तसूभर चुकला नाही. दाढेवर राग काढायला ती काही रस्त्यावरची वैदू नव्हती.

औषध भरून, वरून तात्पुरतं बुजवून तिनं पडदा काढला. कंचनबांनी चूळ भरली, बधिर ओठ पदरानं पुसला.

“एवढं बोललीस, आता माझंही ऐक. भावाचा फोन दुपारी आला. त्याच दिवशी सकाळी एक आला होता, तुझ्या बापूंचा. धाप लागली होती. म्हणाले, दोन मिनिटं धर्मिष्ठाला द्या. मी म्हटलं, ती पुऱ्या तळतेय.”

धर्मिष्ठा स्टुलावर बसली.

“हे आज का सांगितलंत?”

“तू दुखवलंस म्हणून.”

कंचनबा चपला शोधू लागल्या. धर्मिष्ठानं कागद ओढला आणि तारीख लिहिली.

“गुरुवारी या. नळ्या भरल्याशिवाय दाढ टिकायची नाही. पण आधी बापू अजून काय काय म्हणाले ते सगळं सांगायचं. त्याशिवाय मी पडदा लावणार नाही.”